म्युऑनचे आयुष्य मोजून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

म्युऑन म्हणजे अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड आणि अल्पायुषी कण. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने कोसळणाऱ्या या म्युऑनचे आयुष्य पदवीच्या प्रयोगशाळेत मोजता येते, ते तुमच्या हातांमुळे. प्रयोगपुस्तिकेत जे एका ओळीत उरकलेले असते, तेच तुम्ही नीट शिकवलेत. इतर महाविद्यालयांनाही ते मिळावे म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आत शिरला की चमकणाऱ्या, प्लास्टिकला आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, तीही न चिकटवता, किंचित सैल. मधली हवा राहिली तरच प्रकाश कडांवरून आत परततो. वर काळा कागद, मग काळी टेप, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढलेला. ती चमक टिपून विजेची पल्स देणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळीच्या काचेवर ऑप्टिकल ग्रीसचा पातळ थर, बुडबुडा न ठेवता. व्होल्टेज हळूहळू चढवायचे आणि विजेरी कडेकडेने फिरवायची; मोजणी उसळली की तिथे फट. उजेड पाहिलेली नळी रात्रभर अंधारात ठेवल्याशिवाय वापरायची नाही, हा तुमचा नियम आम्ही भिंतीवर लावला आहे.

म्युऑन प्लास्टिकमध्ये थांबला की एक पल्स येते, त्याचा ऱ्हास होऊन (तो मोडून) इलेक्ट्रॉन निघाला की दुसरी; या दोहोंमधला काळ आपण मोजतो. सर्वांत मोठे आभार ५० ओहमच्या टर्मिनेटरसाठी, म्हणजे केबलच्या टोकाला लावायच्या रोधासाठी. तो नसला की पल्स केबलच्या टोकावर आपटून परत फिरते. मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद धरले, तर १० मीटर केबलमध्ये १०० नॅनोसेकंदांनी प्रतिध्वनी येतो आणि यंत्र त्याला म्युऑनच्या ऱ्हासातून निघालेला इलेक्ट्रॉन समजते. नळीत उरलेल्या वायूच्या आयनांमुळेही अशा खोट्या पल्स येतात. म्हणून या काळांच्या आलेखाचा सुरुवातीचा भाग सोडायचा आणि मोजणी २० मायक्रोसेकंदांपर्यंत न्यायची, म्हणजे शेपटीत निव्वळ योगायोगाने लागोपाठ आलेल्या पल्सची पार्श्वभूमी दिसते. ती वजा केली नाही तर आयुष्य फुगते.

उत्तर पुस्तकातल्या २.२ ऐवजी २.१ मायक्रोसेकंद आले की विद्यार्थी बिचकतात. ते बरोबरच असते: प्लास्टिकमधील कार्बनची अणुकेंद्रे ऋण विद्युतभाराचे काही म्युऑन गिळतात, त्यामुळे सरासरी थोडी खाली येते.

मग खरे कोडे. २.२ मायक्रोसेकंदांत प्रकाशही जेमतेम ६६० मीटर जातो. म्युऑन तयार होतात साधारण १५ किलोमीटर उंचीवर. खाली यायला ५० मायक्रोसेकंद लागतात. सापेक्षता सिद्धांताआधीच्या जुन्या हिशेबाने कित्येक अब्जांतून एखादाच पोचावा, पण समुद्रसपाटीवर तळहाताएवढ्या जागेवर दर सेकंदाला एकाहून अधिक उतरतो. जमिनीवरच्या म्युऑनची सरासरी ऊर्जा ४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, स्थिर ऊर्जेच्या (थांबलेल्या म्युऑनच्या वस्तुमानातल्या ऊर्जेच्या) सुमारे ४० पट. म्हणून आपल्या दृष्टीने त्याचे घड्याळ ४० पट संथ. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने घड्याळ नेहमीचेच, पण तेच १५ किलोमीटर ४०० मीटरहूनही कमी. मग खरे कोण? दोघेही. किती म्युऑन पोचले, या संख्येवर दोघांचे एकमत होते, आणि ती संख्याच आपण मोजतो.

१९६३ मध्ये फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर तासाला सुमारे ५६३ आणि समुद्रसपाटीजवळ ४०८ म्युऑन मोजले. कालविस्तार, म्हणजे वेगामुळे घड्याळ असे संथ होणे, नसता तर खाली फक्त २७ उरले असते.

असाच प्रयोग महाबळेश्वर आणि महाड यांच्यामध्ये करता येईल, ही तुमचीच सूचना. उंचीतला फरक साधारण १३०० मीटर. लोखंडाबद्दल तुम्ही हटकलेत ते फार मोलाचे होते: मधल्या हवेत म्युऑनची ऊर्जा घटते, म्हणून वरच्या ठिकाणी तितकीच ऊर्जा शोषणारे २० ते २५ सेंटिमीटर जादा लोखंड ठेवायला हवे. ते नसेल तर वर आणि खाली वेगवेगळ्या वेगाचे म्युऑन मोजले जातील आणि तुलनेला अर्थ उरणार नाही. छपराचे काँक्रीटही दोन्हीकडे सारखे हवे. लोखंडी प्लेटा कशा रचायच्या याचे तुम्ही काढलेले रेखाटन आम्ही तसेच्या तसे वापरणार आहोत.

मनापासून आभार.

आपले,
पदार्थविज्ञान विभागातील शिक्षक