ग्रामसभेत शेवटच्या रांगेपर्यंत माईक पोचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात गेली अठरा वर्षं साऊंडचं काम करतो. लग्न, हरिनाम सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, गणपती, आणि आमच्या गावची ग्रामसभा. ग्रामसभेचे पैसे फार मिळत नाहीत पण ते काम मी कधी सोडलं नाही, कारण तिथं माईक नीट चालला नाही तर नुकसान एका कार्यक्रमाचं होत नाही, अख्ख्या गावाचं होतं. त्याबद्दलच लिहितोय, जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षीची गोष्ट. सभा शाळेच्या पटांगणात होती, स्टेजवर सरपंच, ग्रामसेवक, सदस्य, समोर पुरुष, आणि बायका नेहमीप्रमाणे सगळ्यात मागं चिंचेखाली. एक मावशी उठल्या आणि त्यांच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदाच येतं त्याबद्दल बोलायला लागल्या. आवाज पुढं येईना. मी माईक घेऊन निघालो तर माझी वायर दहा मीटरची, अर्ध्या वाटेत ताणली गेली. पुढून कोणीतरी म्हणालं, "पुढं येऊन बोला की." आता सांगा, साठीची बाई दोनशे माणसातून वाट काढत पुढं येणार आणि स्टेजसमोर उभी राहून बोलणार का? त्या खाली बसल्या. नंतर मी इतिवृत्त पाहिलं तर पाण्याच्या त्या प्रश्नाचा एक शब्द नव्हता. ग्रामसेवक भाऊसाहेबांचा त्यात दोष नाही, त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. जे ऐकू येत नाही ते लिहिलं जात नाही, आणि लिहिलं नाही त्याच्यावर पुढच्या सभेत कोणी उत्तर मागू शकत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण वायर माझी होती.

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत, त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा पण घ्यायची असते. पण मोठ्या सभेत बाईनं विचारलेला प्रश्न स्टेजपर्यंत पोचलाच नाही तर ती सभा कागदावर झाली असं मी म्हणेन.

आता उपाय. पंचायती काय करतात, कॉर्डलेस माईकचा नवा सेट घ्यायचा ठराव करतात, कोटेशन मागवतात, वर्ष निघून जातं. नाहीतर सगळ्यात स्वस्त सेट आणतात आणि तो सहा महिन्यात कपाटात जातो. माझं म्हणणं आहे की बऱ्याच गावात चांगला माईक आधीच पडलेला आहे, त्याला फक्त वायरीतून सोडवायचाय. त्यासाठी प्लग-ऑन ट्रान्समीटर मिळतो, म्हणजे माईकचा आवाज वायरीशिवाय पाठवणारं यंत्र. छोटी डबी असते, वायरवाल्या माईकच्या बुडाला जिथं तीन पिनांचा सॉकेट असतो, ज्याला आम्ही कॅनन म्हणतो, तिथं ती सरळ बसते. तो आवाज पकडणारा जोडीचा रिसीव्हर मिक्सरला नाहीतर अँप्लिफायरला लावायचा. झालं, तोच माईक बिनवायरचा. मी घेतलेला जोड साडेपाच हजारात आला, कंपन्यांचे भारी जोड याच्या कितीतरी पट महाग असतात पण भाषणाला तेवढं लागत नाही.

आमच्या पंचायतीच्या कपाटात तीन माईक होते, तिन्हीवर चिकटपट्टी लावून "खराब" लिहिलेलं. मी एकेक करून ट्रान्समीटरवर लावून बघितले आणि दोन ठणठणीत निघाले. खराब होत्या त्या वायरी! पिनेजवळचं सोल्डर सुटलेलं होतं म्हणून खरखर यायची. भाषणाचा माईक बहुतेक डायनॅमिक असतो, आत एक पडदा, त्याला चिकटलेली तारेची कॉईल आणि एक लोहचुंबक, बस. त्याला सेल लागत नाही, वीज लागत नाही, म्हणून तो पंचवीस वर्षं टिकतो. शूअरचा एसएम ५८ हा १९६६ साली आलेला माईक आजही जगभर स्टेजवर वापरतात यावरून समजा. असली वस्तू आपण वायर तुटली म्हणून टाकून देतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण नुसती डबी आणून लावली की काम झालं असं नाही, आणि इथंच लोक फसतात, मी पण फसलोय. पहिल्यांदा मी हे एका कीर्तनाला वापरलं, टेस्टिंगला एकदम मस्त, आणि माणसं बसल्यावर आवाज तुटायला लागला. महाराज अभंगाच्या ऐन रंगात आणि मधेच शब्द गायब. कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझा जोड २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, घरातलं वायफाय पण त्याच पट्ट्यात चालतं, आणि मी रिसीव्हर ठेवला होता अँप्लिफायरच्या मागं, खाली जमिनीवर, बाजूला मंदिराचा राऊटर. शिवाय माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतं, म्हणजे रिकाम्या मांडवात चाललेली गोष्ट भरलेल्या मांडवात चालेलच असं नाही. तेव्हापासून मी रिसीव्हर स्टँडला बांधून माणसांच्या डोक्याच्या वर ठेवतो, राऊटरपासून लांब, आणि खोक्यावर जेवढं अंतर लिहिलेलं असतं त्याच्या निम्मंच धरून चालतो. एकदाही तुटला नाही त्यानंतर.

यूएचएफवाले, म्हणजे टीव्हीच्या लहरींच्या पट्ट्यात चालणारे जोड पण असतात, ते गर्दीत जास्त चांगले चालतात, पण घेताना फ्रिक्वेन्सी बघून घ्या. साधारण ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हा पट्टा आता मोबाईलचा आहे, २०२२ च्या लिलावात त्यातला काही भाग गेला आणि त्यावर फाईव्ह-जी चालू झालं. त्याच्या आधीचे जुने सेकंडहँड सेट त्या फ्रिक्वेन्सीचे निघू शकतात, स्वस्त म्हणून घेऊ नका.

दुसरं म्हणजे कुठला माईक ह्याला चालतो ते. डायनॅमिक चालतो. कंडेन्सर नावाच्या दुसऱ्या जातीच्या माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून माईकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागते आणि स्वस्त ट्रान्समीटर ती देत नाहीत, मग माणूस म्हणतो ट्रान्समीटर खराब आहे. तसंच काही माईकची वायर आतूनच जोडलेली असते, खाली सॉकेटच नसतो, त्याला ही डबी बसणारच नाही, दुकानात जाताना आपला माईक खिशात घालून न्या. आणि रिसीव्हर मिक्सरला लावताना त्या चॅनेलचं फँटम बंद ठेवा.

ट्रान्समीटरवर गेनचं, म्हणजे माईकचा आवाज आत किती वाढवून घ्यायचा त्याचं, बटण असतं ते कोणी बघतच नाही. गेन कमी ठेवला तर मागं सूं असा आवाज राहतो आणि फार वाढवला तर सरपंच जोरात बोलले की आवाज फाटतो. सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याला आधी दोन वाक्यं बोलायला लावा, त्याच्यावर गेन ठरवा, आणि हळू बोलणाऱ्यासाठी मिक्सरवरून वाढवा.

आणि शिट्टी, म्हणजे स्पीकरचाच आवाज परत माईकमध्ये शिरून होणारी किंकाळी. वायरचा माईक स्पीकरच्या मागं असायचा म्हणून तो शांत होता, हा आता स्पीकरच्या पुढं लोकात फिरणार, म्हणजे शिट्टी मारणारच. स्पीकर शक्यतो बाजूला वळवा, जिथं बायका बसतात तिकडं एक छोटा वेगळा स्पीकर कमी आवाजात द्या, आणि माईकचं तोंड कधी स्पीकरकडं करू नका. हे माईक पाठीमागून येणारा आवाज कमी घेतात, म्हणून बूड स्पीकरकडं राहिलं तर बरं.

सेल प्रत्येक सभेला नवीन घाला, आणि ज्यात चार्जिंगची बॅटरी आतच असते तो आदल्या रात्री चार्जिंगला लावा. वायरचा माईक पण पिशवीत असू द्या.

अजून एक, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. माईक बोलणाऱ्याच्या हातात द्या. आपल्याकडं पोरगा माईक स्वतः धरतो आणि समोरच्याच्या तोंडापुढं करतो, मग वेळ संपली की ओढून घेतो. हातात माईक असला की माणूस सावकाश बोलतो, पूर्ण बोलतो. फक्त खालची डबी मुठीत झाकू नका एवढं सांगा, कारण अँटेना तिथंच असतो, काहींमध्ये तर माईकची धातूची बॉडीच अँटेनाचं काम करते.

१५ ऑगस्टच्या सभेला मी हे सगळं करून माईक चिंचेखाली नेला. त्याच मावशी. त्यांनी आधी माईक हातात उलटसुलट करून बघितला, "ह्याची वायर कुठाय?" विचारलं, मग दोन्ही हातांनी धरला आणि साडेतीन मिनिटं बोलल्या. पाण्याचं बोलल्या, मग गल्लीतल्या दिव्याचं पण बोलल्या. स्टेजवर भाऊसाहेब मान खाली घालून लिहीत होते ते मला मागून दिसत होतं. तिथून पुढं माईक माझ्याकडं परत यायला अर्धा तास लागला, बायकांमध्येच फिरत होता.

माझी सगळ्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना विनंती आहे की २ ऑक्टोबरच्या सभेआधी पंचायतीचं कपाट एकदा उघडा आणि "खराब" लिहिलेले माईक दुसऱ्या वायरीवर लावून बघा. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही पंचायतीला बघायचं असेल तर मी माझा जोड घेऊन येईन, पैसे नकोत.

आपला,
एक साऊंडवाला, जि. सांगली