आधी बोटाचं लिही

इचलकरंजी,
४ जानेवारी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

सुई बोटात गेली ती बुधवारी. मला कळलं शनिवारी, तेही अक्षयच्या तोंडून निसटलं म्हणून. फोनवर तू म्हणालीस, "अगं, टोचलं नुसतं." टोचणं वेगळं आणि नखातून आरपार जाणं वेगळं, हे तीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला तरी सांगू नकोस. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का विचारलं, तर दोन्ही वेळा "हो गं, बघते". हो, की बघते? फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

रागवायचं नाही असं ठरवलंय.

अक्षय म्हणाला, पिशवीच्या नेफ्याच्या कोपऱ्यावर झालं. म्हणजे काय झालं असेल ते मला इथं बसून दिसतं. तिथं कापडाचे पाच-सहा पदर एकावर एक येतात, तू सुई लावलेली असणार अकरा नंबरची, आणि अडलं म्हणून कापड मागून ओढलं असशील. ओढायचं नसतं गं. सुईखालचे दाते कापड आपोआप पुढं नेतात, हात फक्त वळण द्यायला. ओढलं की सुई वाकते, पट्टीवर आपटते, नाहीतर बोटात शिरते. सुई जाड, सोळा नंबरची लाव आणि कोपरा आला की पायडलवरचा पाय काढून चाक हातानं फिरव. माझी पायाची मशीन, पाय थांबला की सुई थांबायची. तुझी ती मोटर पाय काढल्यावरही दोन टाके खातेच. आणि रात्री दीड वाजता शिवायचं कशाला? भेटवस्तू घालायच्या दीडशे कापडी पिशव्या सगळ्या संक्रांतीच्याच दिवशी हव्यात असं ऑर्डर देणाऱ्या बाईंनी सांगितलंय का? हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. निम्म्या आधी दे, निम्म्या नंतर.

झालं का माझं सुरू. सोड.

माझ्या डाव्या तर्जनीवरचा काळा ठिपका लहानपणी तू चोळून पुसायला बघायचीस. तो १९९४ च्या दिवाळीतला. तू पोटात होतीस, अस्तराच्या ब्लाउजला बारा रुपये मिळायचे, आणि धनत्रयोदशीपर्यंत चाळीस द्यायचे होते. बाबा रात्रपाळी सोडून आले आणि मला सायकलवर डबलसीट बसवून इंजेक्शनला घेऊन गेले. मागाचा खडखडाट त्या रात्री सगळ्या गावभर होता, आणि मी मात्र पोटावर हात ठेवून एकच घोकत होते, पोरीला मशीनला हात लावू द्यायचा नाही. म्हणून तुला कधी शिकवलं नाही. तू शिकलीस ते चिंध्यांच्या ढिगावर लोळत, बघून बघून. मला वाटायचं झोपलीयेस.

म्हणूनच दिवाळीत तोंडातून तसं गेलं. "भेटवस्तू कागदात गुंडाळून देतात, त्याला कशाला पिशव्या, आणि त्यासाठी चांगली नोकरी सोडली?" तू ताटावरून उठलीस. चुकलं माझं. नोकरीचं मला अजून पटलेलं नाही, ते खोटं कशाला लिहू. पण पिशव्यांचं पटलंय. तू म्हणालेलीस, चमकी कागदाला प्लास्टिकचा थर असतो, रद्दीत जात नाही. मी आपल्या भंगारवाल्याला मुद्दाम विचारलं. हातात घेऊनसुद्धा बघितला नाही त्यानं. आणि २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर दुकानांतून मिळायच्या त्या पातळ, कापडासारख्या पिशव्या मी हौसेनं साठवल्या होत्या ना, परवा माळ्यावरून काढल्या तर हातात भुगा आला. प्लास्टिकच निघालं ते. तू तेव्हाच सांगितलं होतंस, मी म्हटलं होतं, शहाणपणा नको.

आपल्याकडं खरं तर हे होतंच. तो जांभळा ब्लाउजपीस आठवतो? कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेला? मी प्रभावहिनींना दिला, त्यांनी त्यांच्या विहिणीला, आणि दोन वर्षांनी शिरोळच्या लग्नात माझ्याच ओटीत परत! आत्या आणि मी मांडवात हसू दाबत बसलो होतो. तुझ्या पिशव्याही अशाच फिरू देत. चौथ्या घरी जाऊन परत येईल तेव्हा शिवण शाबूत पाहिजे, एवढंच बघ.

ती असेल. प्रभावहिनींच्या देवघरात तुझी राखाडी पिशवी पोथीला वापरलीये. त्या चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी ती उलटी करून बघितली. फ्रेंच शिलाई, आत एक दोरा लोंबत नाही. मी कुणाच्या शिवणीला नावं ठेवल्याशिवाय राहत नाही हे तुला माहीत आहे. काही सापडलं नाही. पोथी नीट घालून ठेवली आणि चहा प्यायले.

तुझ्यासाठी पॉपलीन काढून ठेवलंय, छत्तीस इंची पन्ह्याचं. शिवायच्या आधी भिजवून वाळव. नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवी आटेल आणि नाडी मोठी होईल. आटतं म्हणून नेमका मीटर घेऊ नकोस, वर चार बोटं जास्त घे. मग १३ इंची तीन पट्ट्या आडव्या पन्ह्यात काप. पट्टी मधोमध दुमडली की तळाला शिवण नको, आणि दोन्ही काठ तोंडाशी येतात. काठाचे दोरे सुटत नाहीत, म्हणून नेफ्याला एकच दुमड पुरते. जाडी कमी झाली की सुईही अडणार नाही. मात्र छापाला वर-खाली असेल तर असं कापू नकोस, मोर सरळ उभे दिसणार नाहीत.

बोटाला पाणी लागू देऊ नकोस. भांडी अक्षयला घासू दे, त्याचे हात काय झिजतात?

बाबा म्हणतात, एवढं लिहिण्यापेक्षा बसनं जाऊन ये. मी म्हटलं, तिला आवडणार नाही. ते म्हणाले, विचारलंस का? तर विचारतेय. शुक्रवारी येऊ का? नाड्या ओवायला तरी बसेन. ओवणी माझ्याकडं आहे, तू सेफ्टीपिननं ओवतेस ते मला बघवत नाही.

तुझी,
आई

ता. क. दवाखान्याच्या कागदाचा फोटो पाठव. विश्वास नाही असं नाही. पाठव.