गणिताचे सराव संच छापण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

फणसवाडीतल्या आपल्या अभ्यासिकेकडे दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी गणिताचे सराव संच लिहून तयार आहेत, पण मुलांच्या हातात एकही नाही.

आपल्याकडे शिकवणाऱ्या सरांनी पाच वर्षे खपून हे संच लाटेकमध्ये लिहिले. त्यात गणित खुणांनी लिहायचे आणि नेटके पान संगणकाने जुळवायचे. भूमितीच्या आकृत्याही तशाच खुणांनी, टिक्झ या लाटेकच्या आकृत्या काढण्याच्या साधनात. सर नोकरीनिमित्त बाहेरगावी गेले आणि जाताना दीडशेच्या आसपास फायलींचे फोल्डर ठेवून गेले. तयार पीडीएफ त्यांच्या लॅपटॉपवर होत्या, तो बंद पडला.

आम्ही एकेक फाइल कंपाइल करायला, म्हणजे खुणांवरून पीडीएफ बनवायला बसलो. प्रत्येक फाइल निदान दोनदा चालवावी लागते. पहिल्या खेपेला प्रश्नांचे आणि आकृत्यांचे संदर्भ नुसते नोंदले जातात, दुसऱ्या खेपेला जागेवर बसतात. त्यात सरांकडचा फॉन्ट आमच्याकडे नसला की काम तिथेच अडते. एका संध्याकाळी चार फायली झाल्या. परीक्षा फेब्रुवारीत.

म्हणून लाटेक जाणणारे कोणी दोन-तीन संध्याकाळी येऊ शकले तर फार मोठे काम होईल. सगळे फोल्डर झीलाटेकने (देवनागरी फॉन्ट वापरता येणारा लाटेकचा प्रकार) एका दमात चालवणारी छोटी स्क्रिप्ट हवी आहे. एक फाइल अडली तरी पुढच्या थांबू नयेत आणि अडलेल्यांची यादी वेगळी मिळावी. लॉग (संगणकाने नोंदवलेल्या अडचणी) वाचून चुका दुरुस्त करायला आम्ही सोबत बसू. मूळ फायलींना मात्र हात लावायचा नाही, काम प्रतीवरच करायचे. सरांची मेहनत आता तेवढ्या एकाच फोल्डरात आहे.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. डोनाल्ड क्नूथ यांनी 1978 मध्ये आणलेले टेक आणि त्यावर उभे राहिलेले लाटेक दोन्ही मोफत आहेत. पवईच्या आयआयटीने केलेला शोभिका हा देवनागरी फॉन्टही मोफत मिळतो. पण हे सगळे एकत्र देणाऱ्या पूर्ण टेक लाइव्हला काही जीबी जागा लागते आणि आमच्या जुन्या संगणकात ती नाही. कोणाकडे चालू स्थितीतला संगणक किंवा एसएसडी पडून असेल तर द्यावी. ए-फोर कागदाची रिमे आणि प्रिंटरचे टोनरही हवे आहे. रोख रक्कम आम्ही घेत नाही.

अभ्यासिका रोज संध्याकाळी 7 ते 10 उघडी असते. वस्तू तिथेच आणून द्याव्यात, नोंदवहीत नोंद करून पोच मिळेल.

आपले,
अभ्यासिकेचे कार्यकारी मंडळ, गिरगाव, मुंबई