कौतुक फक्त मार्कांचंच का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना मिळालेल्या डीएएडी (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) पुरस्काराची बातमी कालच्या अंकात वाचली, खूप आनंद झाला, पण बातमीत सगळा भर ग्रेड आणि नोकरीवरच होता ते खटकलं. हा पुरस्कार जर्मन विद्यापीठं तिथं शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना देतात, रक्कम १००० युरो, आणि निवड करताना अभ्यासाबरोबर सामाजिक कामही बघतात. म्हणजे बातमीचा अर्धा भाग राहूनच गेला ना!

माझी भाची तिकडं एमएस करते. दर शनिवारी हॉस्टेलच्या किचनमध्ये नवीन आलेल्या मुलांना घेऊन बसते, पत्ता नोंदवायचा फॉर्म, इन्शुरन्सची पत्रं, सगळं जर्मनमध्ये, ते एकेक ओळ समजावून सांगते, परवा एका सीरियन मुलाचा फॉर्म भरता भरता तिचा चहा गार झाला तरी उठली नाही. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवून गेलेली, पार्टटाइम जॉब करून शिकणारी मुलगी हे करते याचं मला पुरस्कारापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

२०२३-२४ मध्ये जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, बाहेरून आलेल्यांत सगळ्यात जास्त आपलेच. तिथली माणसं आपल्याला ओळखतात ती या मुलांच्या वागण्यावरून. तेव्हा पुढच्या वेळी अशा मुलांची मुलाखत घ्याल तेव्हा सीजीपीए विचाराच, पण शनिवारी काय करता हेही जरूर विचारा.

– एक मावशी, कोथरूड, पुणे