ताप चालतो, शनिवार चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन संगीत स्पर्धेच्या निकालाची बातमी आपल्या अंकात वाचली. विजेत्या मुलांचे मनापासून कौतुक. संवादिनीत पहिला आलेला मुलगा मी पूर्वी ऐकला आहे. त्याचा हात असा आहे की बक्षीस त्यालाच मिळायला हवे होते, तेव्हा निकालाबद्दल माझी काही तक्रार नाही. स्पर्धकांच्या यादीत एका नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा आहे. ती माझी नात, आणि हे पत्र त्या शेऱ्याबद्दल आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने आमचे नाव पाडले ‘शनवार तेली’. त्या गावकऱ्यांना हिब्रू येत नव्हते की तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, ठाऊक नव्हता, पण शनिवारी तेल मिळणार नाही एवढे पोराटोरांनाही माहीत असणार, आणि शहाणी माणसे शुक्रवारीच बुधला भरून नेत असणार. आज मात्र स्पर्धेच्या कार्यालयातून फोनवर मला पहिला प्रश्न आला तो असा : “काका, तुमचं ते रविवारी असतं ना?”

अंतिम फेरी डिसेंबरातल्या एका शनिवारी होती. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला आणि नातीच्या वाट्याला सकाळचे अकरा आले. शब्बाथ, म्हणजे आमचा काम न करण्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेसातपर्यंत घरी द्राक्षरस, सुगंधी मसाला आणि मेणबत्ती घेऊन हावदालाची, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याची, प्रार्थना आटोपली की मुलगी मोकळी. ठाण्याहून दादरला जलद गाडीने यायला असा काय वेळ लागतो? वेळापत्रकात शेवटचे वादन साडेआठचे होते. आमची विनंती एवढीच होती की तिला सर्वात शेवटी बसवा. शेवटी वाजवणे हा काही फायदा नव्हे. तोवर परीक्षक दमलेले असतात आणि निम्मा हॉल रिकामा झालेला असतो.

उत्तर आले की चिठ्ठी ती चिठ्ठी, नियमाप्रमाणे क्रम फक्त वैद्यकीय कारणासाठी बदलता येतो. फोनवरचा मुलगा स्वभावाने चांगला होता. त्याने आवाज खाली आणून सुचवले, “काका, असं करा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. ताप होता म्हणा. मग आम्हाला स्लॉट बदलता येईल.”

बरोबर संध्याकाळी पावणेसातला उतरणारा ताप कोणता डॉक्टर लिहून देईल, असा विनोद मी केला खरा. पण आमचे डॉक्टर शेजारीच राहतात, त्यांनी चहा पितापिता दाखला दिला असता. खोटे कशाला बोलू, मी तो मागायला निघालोही होतो. नातीने अडवले. म्हणाली, “आजोबा, शब्बाथ पाळायचा म्हणून खोटं बोलायचं? मग त्यापेक्षा वाजवलेलं काय वाईट?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यात माझी अडचण वेगळीच. मी बँकेत 34 वर्षे नोकरी केली आणि जवळजवळ प्रत्येक शनिवारी अर्धा दिवस कॅश मोजली. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी 2015 साली आली, तोवर मी निवृत्त झालो होतो. पोटासाठी मी शब्बाथ मोडला, आणि बक्षिसासाठीही तो मोडायला तयार नसलेली ही पोरगी माझ्याच घरात निघाली. तेव्हा हे पत्र कोणी धर्मनिष्ठ म्हातारा लिहितो आहे असे कृपया समजू नका. मी तर तिला आदल्या आठवड्यात “एकदा वाजव, काही होत नाही” असेही म्हणून पाहिले होते.

आयोजकांच्या एका वाक्याचा राग मात्र अजून गेलेला नाही. “तुमच्यातलीच एक मुलगी मागे शनिवारी गायली होती, तिला कसं चाललं?” गायली असेल. आमच्यात कडक पाळणारे आहेत, सोयीने पाळणारे आहेत आणि अजिबात न पाळणारेही आहेत, इतर कुठल्याही समाजात असतात तसेच. एका घरात एकादशी असते आणि शेजारच्या घरात त्याच दिवशी सुरमई तळली जाते. म्हणून उपास करणाऱ्याला कोणी “तुमच्यातलेच ते बघा, खातात” असे ऐकवत नाही. कोण किती ज्यू हे ठरवायचे काम स्पर्धेच्या कार्यालयाने कधीपासून घेतले?

“वाद्य वाजवणं म्हणजे काम कसं? ती तर कला आहे,” असेही विचारले गेले. प्रश्न चांगला होता, पण उत्तर ऐकायला फोनवर कोणी थांबले नाही, म्हणून इथे लिहितो. शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे 39 प्रकार आहेत आणि वाजवणे त्यात थेट येत नाही. जुन्या धर्मपंडितांची भीती वेगळी होती. वाजवता वाजवता वाद्य बिघडेल आणि माणूस नकळत ते दुरुस्त करायला घेईल, आणि दुरुस्ती हे मात्र नक्कीच काम. वाद्याशी संबंध नसलेल्यांना हे ओढूनताणून आणलेले वाटेल. पण आमच्या घरात पेटी आहे. एखादा सूर अडकला की वाजवणाऱ्याचा हात कुठे जातो ते मला माहीत आहे. तंबोऱ्याची तार उतरली किंवा तबला उतरला की हातोडी उचलण्याआधी कोण विचार करतो? ज्यांनी हा नियम केला त्यांनी वादकांना जवळून पाहिले असणार. निव्वळ गळ्याने गायला शब्बाथची काहीच हरकत नाही. उलट शब्बाथच्या जेवणाच्या टेबलावर गाणी म्हणण्याचीच पद्धत आहे. फक्त माइक नाही, इलेक्ट्रॉनिक तानपुरा नाही आणि साथीला पेटीही नाही. माझ्या नातीची तर स्पर्धाच पेटीची.

संगीताचे आम्हाला वावडे आहे असेही कोणी समजू नये. 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी मराठीतून कीर्तने करायला सुरुवात केली. पूर्वरंग-उत्तररंगाची मराठी वाट तीच, कथा मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांची. माझ्या आईला त्यातली पदे पाठ होती. नातीने पेटी धरली ती त्याच पदांवर.

शब्बाथ आणि रंगमंच यांचा पेच खुद्द इस्राएललाही चुकलेला नाही. 2019 साली युरोव्हिजन ही युरोपातली देशादेशांची गाण्याची स्पर्धा तेल अवीवला होती. यजमान देशाकडून कोण गाणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेत शाल्वा बँड हा दिव्यांग कलाकारांचा चमू अगदी पुढे होता. युरोव्हिजनच्या तालमी शब्बाथला येतात म्हणून त्यांनी माघार घेतली. वेळापत्रक बदलले नाही, पण संयोजकांनी त्यांना उपांत्य फेरीच्या रात्री पाहुणे कलाकार म्हणून मंचावर बोलावले. अमेरिकेत कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा शनिवारी असते, आणि धर्माच्या कारणाने शनिवारी बसू न शकणाऱ्यांसाठी ती रविवारी घेतली जाते. त्यासाठी धर्मगुरूंचे पत्र जोडावे लागायचे. पत्र लागले तरी बेहत्तर, निदान ते खरे तरी असते!

आयोजकांची बाजू मला कळत नाही असे नाही. बँकेच्या सांस्कृतिक मंडळात मी बरीच वर्षे होतो. हॉलचे भाडे, परीक्षकांच्या वेळा, तबलजींची पळापळ हे सगळे केलेले आहे. कोणाचा रोजा, कोणाचे पर्युषण, कोणाचा गणपती, प्रत्येकाला सांभाळून तारीख काढायची तर स्पर्धा होणारच नाही. 2025 साली आमचा उपासाचा दिवस किप्पूर, म्हणजे जुनी माणसे ज्याला दारफाळणीचा सण म्हणत तो, 2 ऑक्टोबरला आला. त्याच दिवशी दसरा आणि गांधी जयंतीही. घरात आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेली माणसे आणि खाली सोसायटीत सोने वाटणे चाललेले. कोणाचे काही अडले नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी आमच्या वाट्याची आपट्याची पाने आणून दिली.

तेव्हा तारीख बदला असे मी म्हणत नाही. प्रवेश अर्जात एक ओळ वाढवा : ‘दिलेल्या तारखांना कोणत्या वेळेत सादरीकरण करता येणार नाही?’ चिठ्ठ्या त्यानंतर टाका. एखाद्याची परीक्षा असेल, कोणाला पहाटे गावाहून यायचे असेल, त्यांचीही सोय होईल आणि कोणाला ताप यायची गरज पडणार नाही.

त्या शनिवारी अकरा वाजता नात टेंभी नाक्याजवळच्या आमच्या 1879 सालच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, होती. तिच्या साथीला बसणारा तबलजी स्पर्धेत दुसऱ्या एका मुलाला साथ करणार होता. त्याने रात्री फोन करून सांगितले की उद्घाटनाची भाषणे लांबली, मग साऊंडवाला उशिरा आला, आणि शेवटच्या स्पर्धकाला मंचावर बसायला सव्वानऊ वाजले. तोवर नात दादरला पोहोचून, पेटी लावून, वर एक वडापावही खाऊ शकली असती.

पुढच्या वर्षी तिचे शेवटचे वर्ष आहे. अर्ज जूनमध्ये निघतात म्हणे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

(नाव व पत्ता सोबत दिला आहे. छापू नये ही विनंती, कारण नातीला त्याच परीक्षकांसमोर पुन्हा बसायचे आहे.)