सीक्रेट्सचं काम समजावणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई, नमस्कार!

मेसेजवर थँक्यू म्हटलं होतं पण ते घाईत उरकलं, आणि तुम्ही जे सांगितलंत ते बाकीच्यांच्याही कामाचं आहे म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय.

कुबरनेटीसमधले (अनेक मशीनवर अ‍ॅप्स चालवणारी सिस्टम) सीक्रेट्स, म्हणजे पासवर्डसारखी गुपितं, एन्क्रिप्ट करायचे एवढंच काम होतं, कॉन्फिग फाइल काय हो कुणीही बनवेल, पण तुम्ही फाइलला हातच लावू दिला नाहीत, म्हणालात आधी एट्सीडीत, म्हणजे कुबरनेटीसच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, काय पडलंय ते बघ. हेक्सडंप (साठवलेले कच्चे बाइट्स) काढला तर डेटाबेसचा पासवर्ड सरळ वाचता येतोय! बेस६४ चं सोंग (ते एन्क्रिप्शन नव्हेच, नुसती लिहिण्याची वेगळी पद्धत) फक्त यॅमल फाइलपुरतं, आत तेवढंही नाही.

मग कॉन्फिग फाइलमधल्या प्रोव्हायडर्सचा, म्हणजे एन्क्रिप्ट करायच्या पद्धतींचा, क्रम. लिहिताना यादीतला पहिलाच वापरला जातो, वाचताना मात्र सगळे ट्राय होतात, म्हणून सीक्रेटबॉक्स (खरं एन्क्रिप्शन करणारा) वर आणि आयडेंटिटी (काही न करता जसंच्या तसं लिहिणारा) शेवटी. हे उलटं झालं तर फाइल असूनही सगळं उघडंच लिहिलं जातं आणि एरर एकही येत नाही (हे असलं डिझाइन कुणाला सुचतं देव जाणे). आणि जुने सीक्रेट्स आपोआप एन्क्रिप्ट होत नाहीत, सगळे गेट करून परत रिप्लेस करावे लागतात, ते झाल्यावर पुन्हा हेक्सडंप, आणि यावेळी सुरुवातीला प्रोव्हायडरचं नाव, मग एन्क्रिप्शनच्या कीचं (किल्लीचं) नाव आणि पुढे नुसता कचरा. तो कचरा बघून काय आनंद झाला!

पण खरं थँक्यू पुढच्या गप्पांसाठी. ३२ बाइटची ती की कंट्रोल प्लेनच्या (कुबरनेटीसचा कारभार चालवणाऱ्या होस्टच्या) डिस्कवरच असते, म्हणजे एट्सीडीचा बॅकअप चोरीला गेला तर आपण वाचलो, पण तो होस्टच कुणाच्या हातात गेला तर कुलूपही त्याचं आणि किल्लीही त्याचीच. शिवाय ज्याला सीक्रेट गेट करायची परवानगी आहे त्याला एपीआय सर्व्हर (कुबरनेटीसकडे येणाऱ्या सगळ्या मागण्या घेणारा) डिक्रिप्ट करूनच देतो, त्यामुळे आरबॅक (कुणाला कशाची परवानगी ते ठरवणारे नियम) ढिला असेल तर या सगळ्याचा तिथे काही उपयोग नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते बरं केलंत. की बदलताना नवी की आधी दुसऱ्या नंबरवर टाकून सगळे एपीआय सर्व्हर रीस्टार्ट करायचे, मगच ती वर न्यायची, नाहीतर एका सर्व्हरने नव्या कीने लिहिलेलं दुसऱ्याला वाचताच येणार नाही, हे तर मी एकट्याने वाचून लक्षात ठेवलंच नसतं.

आता केएमएस व्ही२ (की बाहेरच्या की-मॅनेजमेंट सर्व्हिसकडे ठेवून प्लगइनने जोडायची पद्धत) वाचायला घेतलंय, कुबरनेटीस १.२९ पासून स्टेबल आहे ते. प्लगइनपाशी अडलो की परत त्रास देणार आहे, तयारीत राहा 😄

तुमचा,
प्लॅटफॉर्म टीममधला नवा मुलगा