"कुठपासून वाचू, आजी?"

ताई,

तुम्ही म्हणालात, "माझं नाव कुठे लिहू नका, मी काही केलेलं नाही." नाव लिहीत नाही. पण दादरच्या त्या वाचनालयात दुपारी टेबलाशी बसणाऱ्या तुम्हाला हे पत्र तुमच्यासाठीच आहे, हे कळेल.

आई ८१ वर्षांची. नजर जवळजवळ गेलेली, आणि गेल्या वर्षभरात विसरायलाही होऊ लागलंय. गोळी घेतली की नाही, नातू कितवीत आहे. आम्ही तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायला लागलो होतो. मागच्या महिन्यात टीव्हीवर 'देवदास' लागला, भन्साळींचा, २००२ चा. शेवटी पारो दाराशी आलेल्या देवदासकडे धावत सुटते आणि फाटक बंद होतं. आई म्हणाली, "पुस्तकात फाटक नाही लागत. तिला कळतं तेव्हा त्याला जाळूनसुद्धा झालेलं असतं." दादा म्हणाला, "आई, फाटक आहे. तू विसरलीस." मीही तेच म्हणाले. १९५५ च्या, बिमल रॉयच्या, दिलीपकुमारच्या 'देवदास'मध्येही फाटक लागतं, आणि तो तर तिने लॅमिंग्टन रोडला मॅटिनीला बघितलेला. आई गप्प झाली. पानावरून अर्धवट उठली.

दोन दिवसांनी मला हळूच म्हणाली, "पुस्तक मिळतंय का बघशील?"

एका वाचनालयात सांगितलं, तसली पुस्तकं केव्हाच रद्दीत काढली. एका दुकानात ऐकलं, "सिनेमा बघा ना, मोबाइलवर आहे की." आणखी एका ठिकाणी फोनच आपटला. राग अजून गेलेला नाही. मामा वरेरकरांनी अनुवाद करून 'देवदास'च्या ज्या लेखकाला, शरद्बाबूंना (शरच्चंद्र चट्टोपाध्याय), मराठीच्या घराघरात आणलं, त्यांच्याबद्दल विचारलं तर तोंडं वाकडी होतात.

तुम्ही आतल्या कपाटातून प्रत काढलीत. पानांचे कोपरे हातात येत होते. घरी देता येणार नाही, हे तुम्ही न सांगताही मला कळलं, आणि मी पर्स उचलली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आजींना फोन लावा." आणि आईला विचारलंत, "कुठपासून वाचू, आजी?"

एवढंच. पण वर्षभर आम्ही सगळे तिला "आठवतंय का?" असं विचारत होतो. तिला आठवत असणारच, हे धरून चालणाऱ्या पहिल्या तुम्ही.

आई लगेच म्हणाली, "बैलगाडीपासून."

तुम्ही वाचत गेलात. गाडी, रात्र, किती लांब आहे म्हणून सारखं विचारणारा देवदास, पारोच्या सासरच्या, जमीनदाराच्या घरासमोरचा पिंपळाचा पार. सकाळी तो जातो. प्रेताला हात लावायला गावातलं कोणी तयार नसतं. मग पार्वतीला, म्हणजे पारोला, नाव कळतं. फाटक कुठेच लागलं नाही, ताई. आई बरोबर होती.

मला आता पुस्तकातलाच शेवट जास्त जिव्हारी लागतो. भन्साळींच्या सिनेमात निदान तो जिवंत असताना ती त्याच्याकडे निघालेली तरी असते. १९१७ च्या त्या पुस्तकात तो तिच्याच दाराशी रात्रभर पडलेला, आणि बाहेर कोण आहे हे आत तिला ठाऊकच नाही.

त्यानंतर आईला कोण थांबवणार! पारो आणि कोठ्यावरची चंद्रमुखी पुस्तकात भेटतच नाहीत, बिमल रॉयनी त्यांना रस्त्यात एकमेकींसमोरून नुसतं जाऊ दिलं, शब्दाशिवाय, आणि ते शोभलं. भन्साळींनी दोघींना एकत्र नाचवलं. पारोच्या कपाळावरचा वण मासे धरायच्या काठीचा, भन्साळींच्या सिनेमातल्यासारखा हाराचा नव्हे. तुम्ही "हो का?" म्हणत ऐकत राहिलात, तुमची बंद करायची वेळ टळून गेली तरी. समोर दोन सभासद उभे होते, तेही थांबले. अशी माणसं या शहरात, लोकलच्या धावपळीत, अजून आहेत, आणि ती कुठल्याही फलकावर दिसत नाहीत.

शेवटचा परिच्छेद तुम्ही सावकाश वाचलात. मरणाच्या वेळी कपाळाला कुणाचा तरी मायेचा हात लागावा, असं लेखक मागतो ना, तिथे तुमचा आवाज बसला. आईने ते वाक्य तुमच्याआधी पुरं केलं.

त्या रात्री दादाने तिच्या खोलीत जाऊन सांगितलं, "आई, फाटक नाहीये." ती म्हणाली, "मला माहीत होतं रे."

आता तिला पार्वती मध्यरात्री देवदासच्या खोलीत जाते ते प्रकरण ऐकायचंय. फोनवर नको, म्हणते. तुमचा जिना उंच आहे, हे मी तिला सांगितलंय. कठडा आहे ना, एवढंच तिने विचारलं. मंगळवारी दुपारी घेऊन येऊ का?

तुमची,
एक वाचक